कुत्र्याच्या तान्ह्या पिल्लाचें संगोपन : आधीं ऊब, मग पाणी, मग दूध

गाय व्याली म्हणजे वासराला चीक वेळेवर मिळाला कीं नाहीं, वार पडली कीं नाहीं, याकडे शेतकऱ्याच्या घरांतील लहानथोर सर्वांचें लक्ष असतें. कोंबडीचीं एक दिवसाचीं पिल्लें आणावयाचीं असलीं तर तीं येण्यापूर्वींच दिवा लावून जागा उबदार करून ठेवावी, हें ज्ञानही आतां खेडोपाडीं पोंचलें आहे. परंतु त्याच घराच्या ओसरीवर कुत्री व्याली, तर ‘जगतील तीं जगतील’ असें म्हणून आपण मोकळे होतों. मोठ्या बांध्याच्या गांवठी कुत्रीच्या बाबतींत ही बेपर्वाई पुष्कळदां खपून जाते. अलीकडे मात्र अनेक शेतकऱ्यांच्या घरीं लहान जातीचीं कुत्रीं दिसूं लागलीं आहेत. लोक ज्याला सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतात व जो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो, तो पांढरा केसाळ कुत्रा यांपैकींच होय. तो खातो थोडें, झोपतो सावध, आणि रात्रीं अनोळखी पाऊल वाजलें कीं सारी वस्ती जागी करतो. अशा लहान जातीच्या कुत्रीचें पिल्लूं जन्मतः शंभर ते दोनशें ग्रॅम भरतें. एवढ्याशा देहांत आपली चूक सोसण्यास जागाच नसते.

आई मेलेलें किंवा आईचें दूध न मिळणारें पिल्लूं भुकेनें मरतें, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भुकेच्या आधीं त्याला थंडी मारते, आणि थंडीच्या खालोखाल पाण्याची उणीव. म्हणून अशा पिल्लाची शुश्रूषा करावयाची ती पुढील क्रमानें करावी : आधीं ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम उलटला तर जें दूध आपण जगविण्यासाठीं पाजतों तेंच त्याच्या मरणास कारण होतें. हा क्रम कां व कसा पाळावयाचा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

स्वतःचा अनुभव :—

हा क्रम प्रस्तुत लेखकास पुस्तकांतून नव्हे, तर नुकसानींतून समजला. तीन वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आमच्या मळ्यावरील पांढरी कुत्री चार पिल्लें व्याली. तिसऱ्या रात्रीं सरपणाच्या ढिगाजवळ तिला सर्पदंश झाला व पहांटेपूर्वींच ती मेली. घरांतील मंडळी उठलीं तेव्हां पिल्लें गोणपाटावर एकमेकांस बिलगून पडलीं होतीं. अंग गार लागत होतें आणि आवाज क्षीण झाला होता. आम्हांला वाटलें, भूक लागली. गाईचें दूध कोमट केलें, कापसाची वात केली, आणि तान्ह्या मुलाला पाजतात तसें पिल्लांना उताणें धरून एकेकाच्या तोंडांत दूध पिळलें. दूध पोटांत गेलें म्हणून समाधान वाटलें. दुपारपर्यंत दोन पिल्लें पोट फुगून मेलीं. तिसऱ्याच्या नाकांतून दूध आलें होतें. तें दोन दिवस घरघरत राहिलें व मेलें.

चौथें पिल्लूं घेऊन मी त्याच दुपारीं तालुक्याच्या पशुवैद्यांकडे गेलों होतों. त्यांनीं हात लावून पाहिलें व ते म्हणाले, “अहो, याचें अंग किती गार आहे हें पाहिलेंत का ? दूध राहूं द्या बाजूला. आधीं हें गरम होऊं द्या.” घरीं आल्यावर मातोश्रींनीं तें पिल्लूं मऊ फडक्यांत गुंडाळून पदराखालीं पोटाशीं धरलें, आणि दोन तास त्या जागच्या हलल्या नाहींत. तें पिल्लूं जगलें व आज मळ्याची राखण करीत आहे. बाकीचीं तीन आमच्या अज्ञानानें गेलीं. हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु तीं कां गेलीं हें समजल्यास दुसऱ्या कोणाचीं तरी वांचतील.

थंडीनें काय होतें :—

पहिल्या आठवड्यांत पिल्लाला कुडकुडतां येत नाहीं. कुडकुडून अंगांत उष्णता उत्पन्न करण्याची शक्ति त्याला सहा-सात दिवसांनंतर येऊं लागते. त्याच्या कातडीखालीं चरबीचा थर जवळजवळ नसतो. शिवाय हंडाभर पाणी बराच वेळ गरम राहतें आणि वाटीभर पाणी पाहतां पाहतां निवतें, त्याच न्यायानें लहान देह लवकर गार पडतो. ज्या जातीचें पिल्लूं जितकें लहान, तितकी ही भीति अधिक.

गुदद्वारांत तापमापक ठेवून पाहिलें असतां पहिल्या आठवड्यांत निरोगी पिल्लाचें तापमान ९५ ते ९९ अंश फॅरनहाईट (सुमारें ३५ ते ३७ अंश सेंटिग्रेड) असतें. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यांत तें ९७ ते १०० पर्यंत चढतें, आणि महिन्याच्या सुमारास मोठ्या कुत्र्याइतकें होतें. तें ९४ अंशांच्या खालीं गेलें म्हणजे आंतड्यांची हालचाल मंदावते व थांबते. अशा स्थितींत पोटांत घातलेलें दूध पुढें सरकत नाहीं; तें तेथेंच नासतें व पोट फुगतें. चोखण्याची व गिळण्याची शक्तिही मंदावते, म्हणून तोंडांत पिळलेलें दूध अन्ननलिकेऐवजीं श्वासनलिकेंत उतरतें. आमचीं दोन पिल्लें पोट फुगून कां मेलीं व तिसरें घरघरत कां मेलें, याचें उत्तर यांतच आहे. यावरून नियम असा कीं, गार पडलेल्या पिल्लाला दुधाचा एक थेंबही देऊं नये.

ऊब कशी द्यावी :—

गार पडलेलें पिल्लूं सावकाश, एक ते तीन तासांत, गरम करावें. चुलीजवळ ठेवणें, गरम पाण्यांत बुडविणें किंवा तापलेली वीट अंगाला लावणें, हे सर्व प्रकार घातक होत. कातडी भाजते आणि एकदम आलेली उष्णता त्या लहान हृदयास झेपत नाहीं. सर्वांत निर्धोक साधन म्हणजे माणसाचें अंग. मऊ सुती फडक्यांत गुंडाळून पोटाशीं धरावें व मधून मधून हलक्या हातानें चोळावें.

पुढच्या दिवसांसाठीं पुठ्ठ्याचें किंवा लाकडाचें खोकें घ्यावें. त्याच्या एकाच बाजूस गरम पाण्याची बाटली जाड फडक्यांत गुंडाळून ठेवावी, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लूं दुसऱ्या बाजूस सरकूं शकेल. पाणी निवेल तशी बाटली बदलावी. दिवा वापरावयाचा तर जुना तारेचा पिवळा दिवा उंचावर टांगावा, नव्या एल.ई.डी. दिव्यानें उजेड पडतो, ऊब मिळत नाहीं. खोक्यांतील हवा पहिल्या आठवड्यांत ८५ ते ९० अंश फॅरनहाईट (सुमारें ३० ते ३२ अंश सेंटिग्रेड) व दुसऱ्यांत ८० ते ८५ असावी, आणि पुढें क्रमानें कमी करावी. पिल्लें एकमेकांवर रचून ओरडत असलीं तर ऊब कमी आहे. दूर दूर पसरून धापा टाकीत असलीं तर जास्त आहे. दिव्याच्या कोरड्या ऊबेनें अंगांतील पाणीही उडतें, याकरितां पिल्लें पोंचणार नाहींत अशा ठिकाणीं जवळच पाण्याचें पसरट भांडें ठेवावें.

पाण्याची गरज :—

तान्ह्या पिल्लाच्या शरीरांत सुमारें शेंकडा ८० भाग पाणी असतें. मोठ्या कुत्र्यांत हें प्रमाण सुमारें ६० असतें. पिल्लाचीं मूत्रपिंडें अपक्व असल्यानें त्यांना पाणी राखून ठेवतां येत नाहीं. म्हणून दर शंभर ग्रॅम वजनामागें दिवसाला १३ ते २२ मिलिलिटर द्रव त्याच्या पोटांत गेला पाहिजे. आईचें दूध पोटभर मिळत असेल तर त्यांतच हें सर्व पाणी येतें, आणि तीन आठवडे निराळें पाणी पाजण्याचें कारण नसतें. दुधाऐवजीं साधें पाणी पाजून पोट भरणें तर सर्वस्वी चूक होय.

निराळा द्रव द्यावयाचा तो गारठलेल्या व मलूल पिल्लास, अंग गरम झाल्यानंतर व दुधापूर्वीं. जलसंजीवनीची साधी, बिनस्वादाची पुडी तीवर लिहिलेल्या पाण्याच्या प्रमाणांतच विरघळवून, कोमट करून, थेंब थेंब द्यावी. पुडी अंदाजानें घट्ट केली तर मिठाचें प्रमाण वाढून अपाय होतो. पिल्लूं हे थेंब चोखूं लागलें व तासाभरांत तरतरीत दिसूं लागलें म्हणजे दुधाकडे वळावें. तें गिळतच नसेल तर तोंडानें कांहीं देण्याचा हट्ट न धरतां पशुवैद्यांकडे न्यावें. ते कातडीखालीं किंवा शिरेंतून द्रव देऊं शकतात.

पाणी कमी पडलें हें कसें ओळखावें ? वासराच्या मानेची कातडी चिमटींत धरून सोडण्याची परीक्षा शेतकऱ्यास ठाऊक असते; परंतु तान्ह्या पिल्लांत ती फसवी ठरते. त्याऐवजीं हिरड्या पाहाव्या. बोट लावलें असतां त्या ओल्या व निसरड्या लागल्या पाहिजेत. कोरड्या किंवा चिकट लागल्या तर पाणी कमी आहे. दुसरी खूण लघवीची. तान्ह्या पिल्लाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते; ती स्पष्ट पिवळी दिसूं लागली म्हणजे सावध व्हावें. हगवण लागली असल्यास ही परीक्षा दर पाजण्याच्या वेळीं करावी.

पहिला चीक :—

वासराप्रमाणेंच पिल्लालाही रोगप्रतिकारक द्रव्यें मुख्यतः आईच्या पहिल्या दुधांतून मिळतात. तीं शोषून घेण्याची आंतड्यांची शक्ति जन्मानंतर तासागणिक घटत जाते व सुमारें एका दिवसांत संपते. म्हणून आई जिवंत असेल तर पहिल्या कांहीं तासांतच प्रत्येक पिल्लूं सडाला लागलें कीं नाहीं हें पाहावें. अशक्त पिल्लाला मागच्या सडांपाशीं धरावें, कारण तेथें दूध बहुधा अधिक असतें. गाईचा चीक पाजून ही उणीव भरून निघत नाहीं. प्रत्येक जातीच्या जनावराचा चीक त्या जातीच्या पिल्लांसाठींच असतो. ज्याला चीक मिळाला नाहीं तें पिल्लूं अधिक स्वच्छतेनें वाढवावें, इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावें, व लशीसंबंधीं पशुवैद्यांचा सल्ला लवकर घ्यावा.

गाईम्हशीचें दूध कां पुरत नाहीं :—

घरीं दुभतें असतां पिल्लाला विकतचें दूध कां आणावें, असा प्रश्न शेतकऱ्यास पडणें साहजिक आहे. त्याचें उत्तर आंकड्यांतच द्यावें हें बरें. कुत्रीच्या दुधांत शेंकडा सुमारें ९ भाग स्निग्धांश, ७ ते ८ भाग प्रथिनें व अवघी ३ ते ३॥ भाग दुग्धशर्करा असते. गाईच्या दुधांत स्निग्धांश ३॥ ते ४, प्रथिनें सुमारें ३॥ व शर्करा जवळजवळ ५ भाग असते. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश ७ ते ८ असला तरी प्रथिनें ४ च्या आसपासच असतात व शर्करा गाईइतकीच. वासराला जन्माचें वजन दुप्पट करण्यास सुमारें दीड महिना लागतो. पिल्लाला तेंच काम दहा-बारा दिवसांत उरकावयाचें असतें. तेव्हां त्याच्या आईचें दूध इतकें घट्ट कां, हें सहज समजतें.

आतां १५० ग्रॅम वजनाचें पिल्लूं घेऊं. त्याला दिवसाला ३० ते ३९ कॅलरी शक्ति लागते. त्याच्या जठरांत एका वेळीं दर शंभर ग्रॅमांस सुमारें ४ मिलिलिटर, म्हणजे एकूण ६ मिलिलिटरच मावतात. कुत्रीच्या दुधाच्या तोडीचें दूध मिलिलिटरमागें सुमारें सव्वा कॅलरी देतें. तें दर तीन तासांनीं ४ मिलिलिटर याप्रमाणें आठ वेळां दिलें म्हणजे ३२ मिलिलिटरांत गरज भागते. गाईचें दूध मिलिलिटरमागें सुमारें ०.६५ कॅलरी देतें. तेवढीच शक्ति त्यांतून मिळवावयाची तर सुमारें ६० मिलिलिटर, म्हणजे प्रत्येक वेळीं साडेसात मिलिलिटर पाजावे लागतील. तेवढें जठरांत मावत नाहीं. जबरीनें कोंबलें तर जादा शर्करेमुळें हगवण लागते आणि आहे तें पाणीही निघून जातें. याचा अर्थ, गाईच्या दुधाचें माप वाढवून उणीव भरून काढतां येत नाहीं.

म्हणून कुत्र्याच्या पिल्लांसाठीं तयार केलेली दूधभुकटी पशुऔषधांच्या दुकानांतून आणावी. माणसाच्या मुलाची भुकटी हा तिचा पर्याय नव्हे. भुकटी येईपर्यंत एक-दोन दिवस निभावण्यासाठीं पुढील मिश्रण करितां येतें : गाईचें न काढलेल्या सायीचें दूध एक पेला (२४० मिलिलिटर), ताज्या अंड्यांचे तीन पिवळे बलक, मक्याचें किंवा सूर्यफुलाचें तेल एक मोठा चमचा (१५ मिलिलिटर), व मिठाची अगदीं बारीक चिमूट. अंड्याचा पांढरा भाग घालूं नये. कच्च्या पांढऱ्या बलकामुळें बायोटिन हें जीवनसत्त्व अंगीं लागत नाहीं. मिश्रण गाळून शीतकपाटांत ठेवावें, लागेल तेवढेंच कोमट करावें, व चोवीस तासांनंतर उरलेलें टाकून द्यावें. घरांत अंडें वर्ज्य असेल तर कुत्री गाभण असतांनाच भुकटी आणून ठेवावी.

पाजण्याची रीत :—

पिल्लूं उताणें धरून कधींही पाजूं नये. आईपाशीं तें जसें पोटावर पडून, मान किंचित् वर करून पितें, तसेंच त्याला फडक्यावर पालथें ठेवावें. लहान रबरी बोंडीची बाटली किंवा सुई काढलेली लहान पिचकारी वापरावी. पिल्लूं चोखील तेवढेंच दूध येऊं द्यावें. पिळून वेग देऊं नये. नाकांतून दूध आल्यास ताबडतोब थांबावें, डोकें खालीं करून नाक पुसावें, व श्वास घरघरूं लागल्यास पशुवैद्यांस दाखवावें. दुधाची ऊब १०० अंश फॅरनहाईटच्या आसपास असावी. मनगटाच्या आंतल्या बाजूवर थेंब टाकला असतां तो गार किंवा चटका देणारा लागूं नये.

पहिल्या दिवशीं भुकटीचें दूध नेहमीच्या निम्म्या घट्टपणाचें द्यावें, म्हणजे आंतड्यांस संवय होते. पहिल्या आठवड्यांत रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनीं व दुसऱ्या आठवड्यापासून दर तीन-चार तासांनीं पाजावें. रात्रीच्या पाळ्या घरांतील माणसांनीं वांटून घ्याव्या. एकट्या माणसाकडून हें काम चार दिवसांपलीकडे निभत नाहीं. बाटली व बोंडी प्रत्येक वेळीं धुवून उकळत्या पाण्यांतून काढावी.

पाजून झाल्यावर आणखी एक काम उरतें. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लूं आपण होऊन लघवी व शौच करूं शकत नाहीं; आई चाटते तेव्हां तें होतें. आई नसल्यास कोमट पाण्यांत भिजविलेला कापूस पिळून त्यानें पोटाखालचा व शेपटीखालचा भाग हलकेच पुसावा. हें न केल्यास पोट फुगून पिल्लूं अत्यवस्थ होतें.

वजन हाच खरा साक्षीदार :—

पोट टम्म दिसलें म्हणजे पिल्लूं पोसलें असें समजूं नये. एक-दोन ग्रॅमचा फरक दाखविणारा स्वयंपाकघरांतील कांटा घेऊन रोज एकाच वेळीं वजन करावें व दिनदर्शिकेवर लिहावें. जन्माच्या वजनाच्या शेंकडा ५ ते १० इतकी वाढ रोज झाली पाहिजे. म्हणजे १५० ग्रॅमच्या पिल्लांत साडेसात ते पंधरा ग्रॅम. पहिल्या दिवशीं थोडी घट झाली तर चालेल, परंतु ती दहांशापेक्षां अधिक नसावी. त्यानंतर एक दिवस वजन वाढलें नाहीं तर ऊब, दूध व शौच तपासावीं. दुसऱ्या दिवशींही वाढलें नाहीं तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यांकडे जावें.

आई जिवंत असली तरी हा कांटा उपयोगी पडतो, कारण लहान जातीच्या कुत्रीला व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास गाईच्या दुग्धज्वरासारखा आजार होण्याचा संभव असतो. दुधांतून चुना फार जाऊन रक्तांतील चुना कमी पडतो. ती अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठरतात, अंग थरथरतें. अशा वेळीं पिल्लें तत्काळ दूर करून तिला पशुवैद्यांकडे न्यावें, व पिल्लांस वरच्या दुधावर ठेवावें. यांत विलंब लागल्यास ती मरते व तिच्यामागून पिल्लेंही जातात.

रक्तांतील साखर एकाएकीं कमी होणें :—

हा लहान जातीच्या पिल्लांचा खास शत्रु होय, व तो तीन-चार महिन्यांपर्यंत पाठ सोडीत नाहीं. यकृतांत सांठविलेली साखर फार थोडी असते. कांहीं तास उपास, थंडी, हगवण किंवा दूरचा प्रवास घडला कीं ती संपते. खेळतें पिल्लूं एकाएकीं मलूल होतें, झोकांड्या खातें, अंग गार पडतें, थरथरतें, आणि अखेरीस झटके येतात. अशा वेळीं साखरेचा दाट पाक किंवा ग्लुकोज पाण्यांत कालवून बोटानें हिरड्यांस चोळावें. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडांत कांहींही ओतूं नये. अंग गरम राखावें. शुद्धीवर येऊन गिळूं लागल्यास थोडें अन्न द्यावें, व बरें दिसलें तरी पशुवैद्यांस दाखवावें. हा प्रसंग टाळण्याचा उपाय सोपा आहे : दूध सुटलेल्या लहान जातीच्या पिल्लास दिवसांतून चार ते सहा वेळां थोडें थोडें खाऊं घालावें, व रात्रीं निजण्यापूर्वीं एक घांस चुकवूं नये.

तीन आठवड्यांनंतर :—

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत दुधाचे दांत दिसूं लागतात व पिल्लूं चाटूं लागतें. तेव्हांपासून मातीच्या उथळ परळांत स्वच्छ पाणी ठेवावें. पाणी बोटभरच खोल असावें. बादली किंवा खोल भांडें जवळ ठेवूं नये, कारण एवढेंसें पिल्लूं त्यांत बुडून मरतें. वैदर्भीय किंवा खानदेशी उन्हाळ्यांत परळ सावलींत ठेवून दिवसांतून तीन-चार वेळां पाणी बदलावें, आणि पत्र्याच्या छपराखालीं पिल्लूं बांधूं नये.

याच सुमारास पिल्लांचा तयार आहार कोमट पाण्यांत किंवा त्यांच्या दुधांत भिजवून, पेजेसारखा पातळ करून द्यावा, व हळूहळू घट्ट करीत जावा. सहा ते आठ आठवड्यांत दूध सुटतें. दूधभाकरीवर वाढविण्याचा आपला रिवाज लहान जातीच्या पिल्लास मानवत नाहीं. भाकरीनें पोट भरतें, परंतु वाढीस लागणारीं प्रथिनें व चुना मिळत नाहीं. तयार आहार परवडत नसेल तर मऊ भातांत उकडलेलें अंडें किंवा बारीक केलेलें शिजविलेलें मांस मिसळावें, व चुन्याचें प्रमाण पशुवैद्यांस विचारून ठरवावें. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षें, चॉकलेट व चहा हे पदार्थ कुत्र्यास विषारी किंवा अपायकारक आहेत. पोटांतील जंत आईकडूनच येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्यांच्या सल्ल्यानें वजनाप्रमाणें जंताचें औषध द्यावें.

पिल्लूं विकत घेणारांसही एक सूचना. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांत आठ आठवड्यांखालील पिल्लूं विकण्यास मनाई आहे. चार आठवड्यांचें पिल्लूं ‘लवकर माया लागते’ म्हणून विकणारावर विश्वास ठेवूं नये. वर सांगितलेली सारी जोखीम तो आपल्या गळ्यांत घालीत असतो. योग्य वयाचें पिल्लूं आणतांनाही तें पूर्वीं काय खात होतें हें विचारून तेंच अन्न आठवडाभर चालू ठेवावें, आणि प्रवासांत दर दोन-तीन तासांनीं पाणी व थोडें खाणें द्यावें.

सारांश :—

१. अंग गार असतां दूध देऊं नये. आधीं सावकाश ऊब द्यावी.
२. ऊब आल्यावर मलूल पिल्लास जलसंजीवनीचे कोमट थेंब द्यावे, मग दूध.
३. पालथें ठेवून, थोडें थोडें व वारंवार पाजावें.
४. गाईम्हशीच्या नुसत्या दुधावर विसंबूं नये.
५. पाजल्यावर ओल्या कापसानें पुसावें.
६. रोज वजन करावें. दोन दिवस वाढ नसेल तर पशुवैद्यांस दाखवावें.

कुत्रीची गर्भावधि सुमारें ६३ दिवसांची असते. गाईचा दिवस आपण जसा लिहून ठेवतों तसा कुत्रीचाही लिहून ठेवावा, आणि आठ दिवस अगोदर एक खोकें, दोन बाटल्या, तापमापक, पिचकारी, भुकटीचा डबा व जलसंजीवनीच्या दोन पुड्या एकत्र करून ठेवाव्या. या सामानाचा खर्च एका पिकाच्या फवारणीहूनही थोडा आहे. तें हाताशीं असतें, आणि ऊब आधीं द्यावी एवढें ठाऊक असतें, तर आमच्या मळ्यावर त्या पौषांत एकाऐवजीं चार पिल्लें वाढलीं असतीं.